मदत हवी आहे: सामू (pH) ६.५ असूनही पाणी उदासीन, हे विद्यार्थ्यांना कसे पटवावे?

नमस्कार. आम्ल आणि आम्लारी हा भाग शिकवताना मी एका ठिकाणी दरवेळी अडखळतो, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

द्रावणात हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइड आयनांपेक्षा जास्त असतील तर ते आम्लधर्मी, कमी असतील तर आम्लारिधर्मी आणि दोन्ही समान असतील तर उदासीन, इथवर काहीच अडचण येत नाही. अडचण आहे ती ७ या आकड्याची. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात दोन्ही आयनांची संहती (प्रमाण) दर लिटरला १०⁻⁷ मोल असते, म्हणून सामू, म्हणजे हायड्रोजन आयन वाढले की कमी होणारा आकडा, ७ येतो. परंतु पाण्याच्या विचरणात (रेणूंचे या दोन आयनांत विभाजन होण्यात) उष्णता शोषली जात असल्यामुळे तापमानासोबत ते वाढत जाते आणि ६० अंशांना सामू सुमारे ६.५ पर्यंत उतरतो. तरीही दोन्ही आयन समानच वाढलेले असल्याने पाणी उदासीनच राहते. ‘सातच्या खाली ते आम्ल’ असे पाठ केलेल्या मुलांना हे खोटे वाटते, आणि माझ्या मते दोष त्यांचा नसून आपण शिकवलेल्या त्या सोप्या वाक्याचा आहे.

सोडिअम ॲसिटेटच्या बाबतीतही असाच पेच पडतो, कारण सूत्रात हायड्रॉक्साइड नसतानाही त्याचे द्रावण आम्लारिधर्मी असते. ॲसिटेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो, हे सांगण्यासाठी ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांची १९२३ ची व्याख्या (प्रोटॉन देणारे ते आम्ल, घेणारे ते आम्लारी) सुरुवातीलाच शिकवावी, की आऱ्हेनिअसची व्याख्या (पाण्यात हायड्रोजन आयन देणारे ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देणारे ते आम्लारी) पक्की झाल्यावर? वर्गात दाखवता येईल असा एखादा साधा प्रयोग आपण वापरला असल्यास तोही कृपया सविस्तर कळवावा.