जुन्या रहस्यकथांच्या ई-प्रती आणि स्वामित्वहक्क

प्रश्न (मालवण): घरातील रहस्यकथांच्या पुस्तिका स्वस्त कागदावर छापलेल्या असून कोकणच्या दमट हवेत त्यांची पाने ठिसूळ होत चालली आहेत; कसरही लागली आहे. नव्या आवृत्त्या मिळत नाहीत. त्यांच्या ई-प्रती करून इतर वाचकांना दिल्या तर चालेल का?

उत्तर (रत्नागिरी): पुस्तक छापणे थांबले म्हणून हक्क संपत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे तो टिकतो. उदाहरणार्थ, रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथांचा हक्क २०५६ च्या अखेरीपर्यंत राहील. टोपणनावामागचा लेखक कोण हे उघड झालेच नसेल, तर मात्र ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. स्वतःच्या वाचनासाठी आपण प्रत करावी. ती गटांतून वाटणे हा वेगळा आणि माझ्या मते अन्याय्य प्रकार आहे, कारण या लेखकांना हयातीतही फारसे मानधन मिळाले नसावे.

उत्तर (चिपळूण): ग्रंथालयाला विचारून पाहावे. कलम ५२ नुसार विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत त्याच्या संग्रहात असल्यास, जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवता येते. त्यामुळे पुस्तिका तेथे भेट दिल्यास त्या टिकतील. वारसांचा पत्ता लागल्यास लेखी परवानगी मागावी. शोध घेऊनही हक्कदार सापडला नाही, तर कलम ३१ अ खाली प्रकाशनाचा परवाना मागता येतो. तोवर मुखपृष्ठ, प्रकाशनवर्ष आणि प्रकाशकाचे नाव यांची सूची जरूर करावी.