शब्दचर्चा: प्रथिनांची 'आंतरक्रिया' म्हणजे काय? चिकटणं, जुळणं का धरसोड?

तापीकाठ:
मंडळी एक शब्द अडलाय. मी सातपुड्यात एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो, आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पोरं बरीच, म्हणून वर्गासाठी चार्ट करत होतो की हिमोग्लोबिनचा एक रेणू दुसऱ्याला कसा धरतो आणि मग तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी का होते. वर मोठ्या अक्षरात लिहिलं 'प्रथिनांमधील आंतरक्रिया', म्हणजे इंग्रजीतलं इंटरॅक्शन. तर नववीतली एक पोरगी विचारते, सर हे उत्तरक्रियेसारखं आहे का, कोण वारलं? वर्ग हसला, मीपण हसलो, पण घरी आल्यावर वाटलं बरोबरच आहे तिचं, शब्दावरून काय कळतं? दुसरं काही सुचवा.

जुना_मास्तर:
पुस्तकांत तीन रूपं दिसतात, आंतरक्रिया, परस्परक्रिया आणि अन्योन्यक्रिया. पहिल्याची अडचण अशी की 'आंतर' म्हणजे 'आपसांतलं' तसंच 'आतलं' पण, त्यामुळे प्रथिनाच्या पोटात काहीतरी चाललंय असं वाटतं. अन्योन्य अर्थाने चोख, पण नववीच्या पोराच्या तोंडात बसणार नाही. परस्परक्रिया घ्या.

बायोटेकवाली:
सर मला तर 'क्रिया'च खटकते. पोरं रासायनिक अभिक्रिया शिकलेली असतात, त्यात जुनं जाऊन नवीन तयार होतं. इथे बहुतेक वेळा तसं काहीच होत नाही, दोन प्रथिनं जवळ येतात, हायड्रोजन बंध, इकडचा धन प्रभार तिकडचा ऋण, आणि पाण्याला टाळणारे भाग एकमेकांकडे सरकतात, अशा बारक्या बारक्या ओढींवर थोडा वेळ टिकतात आणि परत सुटतात, सुटल्यावर दोघं जसेच्या तसे. आणि सुटणं हे धरण्याइतकंच महत्त्वाचं. स्नायूचं बघा, त्यात मायोसिन आणि ॲक्टिन ही दोन प्रथिनं, मायोसिन ॲक्टिनला धरतो, ओढतो, सोडतो, परत पुढे धरतो, आणि गंमत म्हणजे सोडायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. माणूस मेल्यावर एटीपी संपतं, मायोसिनला हात सोडवता येत नाही, म्हणून प्रेत ताठतं. (म्हणजे त्या पोरीची उत्तरक्रिया इथे बसते की 😄)
माझं मत, याला मराठीत आयता शब्द आहे, धरसोड.

जुना_मास्तर:
धरसोड म्हणजे चंचलपणा हो ताई. 'फार धरसोड वृत्तीचा आहे' असं आपण ज्याला नावं ठेवायची त्याला म्हणतो.

बायोटेकवाली:
माणसाला दोष, प्रथिनाला गुण!

कपाशीवाला_चोपडा:
मी शेतकरी माणूस, चुकलं तर सांगा. मला 'चिकटणं' सोपं वाटलं होतं पण आमच्याकडे मावा किडा वाढला की पानं चिकट होतात, त्याला 'कपाशीवर चिकटा पडना भो' म्हणतात, म्हणजे चिकटणं आलं की रोगच आठवतो. दुसरं, बीटी कपाशीचं पण हेच आहे ना? कृषीवाल्यांनी सांगितलं होतं की बीटीचं प्रोटीन अळीच्या आतड्यात कशाला तरी जाऊन धरतं तेव्हाच अळी मरते. मग आता बोंडअळी मरत का नाही?

बायोटेकवाली:
भाऊ एकदम बरोबर. बीटीच्या त्या प्रोटीनला क्राय म्हणतात, ते अळीच्या आतड्याच्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं प्रोटीन असतं त्याला धरतं, मग आतड्याला भोकं पडतात. आपल्या आतड्यात ती धरायची जागाच नाही म्हणून आपल्याला काही होत नाही. आपल्याकडच्या गुलाबी बोंडअळीत त्या कॅडहेरिनचा जीनच बिघडलेला सापडला, म्हणजे बियाण्यात किल्ली तीच राहिली पण अळीने कुलूपच मोडून टाकलं. दुसरं क्राय प्रोटीन पण घातलेलं असतं, त्याला चुकवायची तिची वाट वेगळी.

जुना_मास्तर:
कुलूप-किल्ली काढलीच आहे तर, ही उपमा जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरची, 1894 ची, मूळ एन्झाइमसाठी, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांसाठी. पण किल्ली लोखंडाची, प्रथिनं लवचीक. म्हणून 1958 मध्ये कॉशलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुधारलं की समोरचा आला की एन्झाइम आपला आकार थोडा बदलतो, हातमोज्यात हात गेल्यावर मोजा बदलतो तसा. आता मराठीची कमाल बघा, फिशरचं ते 'जुळणं' आणि कॉशलँडचं ते 'जुळवून घेणं'. एकाच क्रियापदात दोन्ही सिद्धांत! लग्नाच्या बैठकीतून थेट पेशीत. (मला आधी 'जुंपणे' सुचलं होतं, जू आणि बैलजोडी, पण 'त्यांची जुंपली' म्हटलं की भांडण.)

तापीकाठ:
वा, मास्तर आणि ताई, दोघांचं घेतो, आणि कपाशीवाल्या भाऊंचा चिकटा तर सगळ्यात आधी. कारण सिकलमध्ये नेमकं तेच होतं. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या, दोन अल्फा दोन बीटा, त्या एकमेकींशी जुळलेल्या, हे चांगलं जुळणं. सिकलमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं, एवढाच फरक, पण व्हॅलिन पाणी टाळणारं. ऑक्सिजन सुटला की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते, हे व्हॅलिन त्यात बसतं, त्याला पुढचा, असं करत दोरेच्या दोरे तयार होतात आणि पेशी वाकते. एका तांबड्या पेशीत साधारण 27 कोटी हिमोग्लोबिनचे रेणू कोंबलेले, सारंगखेड्याच्या यात्रेची गर्दी कमी वाटेल, तिथे चिकटायला वेळ लागतो का. परत ऑक्सिजन मिळाला की दोरे सुटतात, पण सारखं सारखं झालं की पेशी कायमची वाकडी. हायड्रॉक्सियुरियाची गोळी देतात ना, तिने पोटातल्या बाळात असतं ते हिमोग्लोबिन वाढतं आणि ते मधे आलं की दोरा पुढे वाढत नाही.

तर चार्टवर असं लिहिलं: "प्रथिनं जुळतात, धरतात, सोडतात. सिकलमध्ये ती चिकटतात." आणि खाली बारीक अक्षरात 'परस्परक्रिया', बोर्डाच्या पेपरासाठी.

बायोटेकवाली:
झकास. माझी पण एक अडचण सोडवा मग. कोणतं प्रोटीन कोणाला धरतं हे शोधायची यीस्टमधली पद्धत आहे, 1989 ची, त्यात इंग्रजीत एका प्रोटीनला बेट (bait) म्हणतात आणि जे येऊन लागेल त्याला प्रे (prey), म्हणजे शिकार. मी सेमिनारला 'बेट' म्हटलं तर एकाने विचारलं, कोणत्या नदीतलं?

कपाशीवाला_चोपडा:
ताई गळाला लावता तो चारा ना. चारा आणि मासा म्हणा.

जुना_मास्तर:
चारा म्हटलं की खान्देशात पोरांना आधी कडबा आठवेल. आमिष म्हणा.