पहिल्या सत्रातील कमी गुण आणि सीजीपीएची धास्ती

नवखी_मेकॅनिकल
मी लातूर जिल्ह्यातील असून यंदा पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, बारावीला आणि सीईटीला गणितात चांगले गुण होते. तरीही एम-वनच्या (पहिल्या सत्रातील गणिताच्या) इन-सेम म्हणजे सत्राच्या मध्यावरील परीक्षेत मला ३० पैकी ११ मिळाले. फळ्यावरचे उतरवून होईपर्यंत सर पुढच्या उदाहरणावर गेलेले असतात आणि संध्याकाळ ग्राफिक्सच्या शीट व जर्नल पूर्ण करण्यात जाते. पहिल्याच सत्रात सीजीपीए (सर्व सत्रांची मिळून गुणसरासरी) घसरला तर तो पुढे सावरत नाही, असे हॉस्टेलमधील काही जण सांगतात. पहिले वर्ष कुणी विचारतच नाही, असे इतर म्हणतात. यातले खरे काय मानावे? घरी अजून गुण सांगितलेले नाहीत.

गणित_शिकवणारा
हिशेब मांडून पाहिला तर दोन्ही मते अर्धवट ठरतात. एसजीपीए ही एका सत्रातील श्रेणीगुणांची क्रेडिटनुसार, म्हणजे विषयाला दिलेल्या वजनानुसार, काढलेली सरासरी असते. समजा, सत्र २० क्रेडिटचे आहे आणि ४ क्रेडिटच्या गणितात तुम्हाला ए (८) ऐवजी बी (६) श्रेणी मिळाली, तर त्या सत्राचा एसजीपीए ०.४ ने उतरतो. पदवीच्या एकूण १६० क्रेडिटवर तोच फरक ०.०५ उरतो. एफ (नापास) श्रेणीचे मात्र तसे नाही, कारण तिथे क्रेडिटही मिळत नाहीत आणि तो विषय पुढच्या विषयांच्या जोडीने पुन्हा द्यावा लागतो. तेव्हा आधी केटी, म्हणजे विषय राहणे, टाळा. तुमच्याकडे एकत्रित ४० गुणांचा नियम असेल तर अंतिम परीक्षेत ७० पैकी २९ लागतील. काही ठिकाणी अंतिम लेखी परीक्षेची वेगळी किमान मर्यादाही असते, म्हणून नेमका नियम कार्यालयात विचारून घ्या.

त्यानंतर उत्तरपत्रिका मागून पाहा. सीईटीत पर्याय निवडायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्या तयारीत दोन वर्षे घालवलेल्या मुलांना पायऱ्या गाळण्याची सवय लागते, इथे तर गुण पायऱ्यांनाच असतात. दुसरे म्हणजे फूरिये श्रेणी, म्हणजे फलन साइन आणि कोसाइनच्या बेरजेत मांडणे. −π ते π या अंतरात फलन सम असेल तर साइनचे सगळे सहगुणक शून्यच येतात, तरीही ते काढण्यासाठी पानभर इंटिग्रेशन केलेल्या उत्तरपत्रिका मी दरवर्षी तपासतो.

हिंजवडीकर
सरांचा हिशेब पुढे नेतो. सर्व सत्रांची क्रेडिट सारखी धरली, पहिल्या सत्रात ६ आणि उरलेल्या सातांत ७.५ मिळाले, तर सीजीपीए सुमारे ७.३ होतो. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ६० टक्के किंवा त्याला समतुल्य सीजीपीए आणि एकही लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नसणे, अशी अट घालतात. ‘पहिले वर्ष धरत नाहीत’ हा समज पूर्वी अनेक ठिकाणी पदवीचा वर्ग शेवटच्या वर्षाच्या गुणांवर ठरत असे, त्या काळातला आहे. सीनियरांचे सगळेच ऐकायचे नसते, हेही जाता जाता सांगतो.

नवखी_मेकॅनिकल
दोघांचेही आभार. उत्तरपत्रिका सोमवारी मागते. संध्याकाळच्या वेळेचे मात्र काय करावे, हे अजून सुचलेले नाही.

तिसऱ्या_वर्षातली
शीट प्रॅक्टिकलच्या तासालाच, सर समोर असताना, निदान पेन्सिलने पूर्ण करावी; हॉस्टेलवर नेलेली शीट रात्री अकरापर्यंत संपत नाही, हा आमच्या मजल्यावरचा सार्वत्रिक अनुभव आहे. मोकळ्या झालेल्या वेळात पार्शल डिफरन्सिएशन (एकाहून अधिक चले असलेल्या फलनाचे अवकलन) आधी पक्के करा, कारण जेकोबियन (अशा अवकलजांचा निश्चयक) आणि महत्तम-लघुतम मूल्ये हे दोन्ही भाग त्यावरच उभे आहेत आणि मेकॅनिकलला ते पुढेही लागते. मॅट्रिक्समधील रँकचे प्रश्न त्यामानाने हुकमी असतात. ग्रंथालयातील जुन्या प्रश्नपत्रिका काढून ते आधी सोडवून टाका. घरी गुण या शनिवारी फोनवर सांगा आणि त्याबरोबर सरांनी दिलेला २९ चा हिशेबही सांगा, म्हणजे आईवडिलांना पुढे काय करायचे आहे तेही कळेल.