बदलीच्या अर्जात न लिहिलेले कारण

गोव्यातील सरकारी प्राथमिक शिक्षक बदलीचा अर्ज करतात, तेव्हा अंतर, आजारी आईवडील किंवा मुलांचे शिक्षण ही कारणे दिली जातात. ती खोटी नसतात. पण वाटेवर, इमारतीत किंवा सहकाऱ्यांमध्ये असुरक्षित वाटते, हे कारण कागदावर क्वचितच उतरते. त्यापायी ज्यांनी बदली मागितली, किंवा मागून परत घेतली, त्यांनी गाव व शाळेचे नाव न देता अनुभव लिहावा, ही विनंती.

शिक्षिका, सत्तरी
आमची शाळा एकशिक्षकी आहे. कदंबची बस तिठ्यावर सोडते आणि पुढची वाट काजूच्या बागायतीतून पायी आहे. २०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ मृतावस्थेत सापडले, तेव्हापासून घरचे बदलीसाठी मागे लागले. खरे सांगायचे तर मला वाघापेक्षा दुपारनंतरच्या वेळेची धास्ती अधिक वाटते. मुले घरी गेली की मी एकटीच हजेरीपट आणि माध्यान्ह आहाराच्या नोंदी पूर्ण करीत बसते. मोबाईलला रेंज फक्त ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर मिळते, आणि मागच्या दाराची कडी बसत नाही म्हणून त्याला आतून बाक लावून ठेवते. अर्जात मी ‘कौटुंबिक अडचण’ असे लिहिले, कारण भीती लिहिली असती तर ज्या गावकऱ्यांनी भर पावसात मला तिठ्यापर्यंत सोबत केली, त्यांनाच तो आपल्यावरचा ठपका वाटला असता.

शिक्षक, सांगे
कौलारू छपराचे वासे वाळवीने पोखरले होते. काही विपरीत घडले तर पहिला जाब मलाच विचारला जाणार, म्हणून बदली मागितली. पुढे पालक-शिक्षक संघाने पाठपुरावा करून दुरुस्ती करून घेतली आणि मी अर्ज मागे घेतला. पुरुषांना कसली भीती, असे सर्रास म्हटले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

शिक्षिका, पेडणे
आडगावातून राष्ट्रीय महामार्ग ६६ लगतच्या शाळेत मी सोयीसाठी आले. आता रोज स्कूटरने तो महामार्ग ओलांडताना सोय कोणती, हा प्रश्न पडतो.

शिक्षिका, बार्देश
एका वरिष्ठ सहकाऱ्याचे वागणे असह्य झाले, तेव्हा सगळ्यांचा सल्ला एकच होता: “बाई, बदली घ्या आणि मोकळ्या व्हा.” कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान शाळेतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि ती सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. चौकशी चालू असताना महिलेने लेखी विनंती केल्यास तिची किंवा समोरच्याची बदली करण्याची शिफारस समिती करू शकते. समोरच्यालाही हलवता येते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. मी बदली घेतली, तो मनुष्य तिथेच राहिला. माझ्या जागी रुजू झालेल्या शिक्षिकेला मी स्वतः फोन करून हे सर्व, तक्रारीच्या मुदतीसह, सांगितले.