मदत हवी आहे: स्विफ्ट १.३ पेट्रोलला २६० सीसीचे इंजेक्टर घ्यावेत की ४४० सीसीचे?

औट्रम_घाट (छत्रपती संभाजीनगर)
नमस्कार. माझी २००७ ची स्विफ्ट १.३ पेट्रोल आहे आणि तिच्या इंजिनावर बरीच कामे झालेली आहेत. कन्नडचा घाट चढताना साडेचार हजार आरपीएमच्या पुढे गाडी लीन चालते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), इंजिनातून टकटक ऐकू येते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा लागतो. दुकानदाराकडे इंजेक्टरचे (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझलचे) २६० आणि ४४० सीसीचे असे दोन संच आहेत आणि त्याला शनिवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. कृपया एकच आकडा सांगावा. ‘मूळची गाडी काय वाईट होती?’ हा प्रश्न घरात रोज विचारला जातो, तो येथे नको.

वाळूजकर
‘बरीच कामे’ म्हणजे कोणती, हे कळल्याशिवाय आकडा सांगणे म्हणजे माप न घेता सदरा शिवणे होय. इंजेक्टरवरचे सीसी म्हणजे तो ठरावीक दाबाला, बहुधा ३ बारला, मिनिटाभरात किती घन सेंटिमीटर इंधन सोडतो ते. त्याचा इंजिनाच्या १३०० सीसीशी थेट संबंध नाही. अपेक्षित बीएचपी (अश्वशक्ती) किती, इंधनाचा दाब किती, तो दाब राखणारा रेग्युलेटर टाकीत आहे की रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर), आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) मूळचाच आहे का, एवढे सांगा.

जालना_२१
डोळे झाकून ४४० घ्या. माझ्या गाडीत तीन वर्षे तेच आहेत आणि पुढे ताकद वाढवायची झाली तर पुन्हा खर्च नाही.

औट्रम_घाट
हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या), मोठा एक्झॉस्ट आणि स्टँडअलोन (मूळच्याऐवजी बसवलेला, हवा तसा बदलता येणारा) ईसीयू आहे. रेग्युलेटर टाकीतच आहे. अपेक्षा १३० बीएचपीची आहे. टर्बो तर आहेच, अर्धा बार बूस्टवर (इंजिनात हवा तेवढ्या जादा दाबाने भरतो). आता आकडा सांगाल का?

वाळूजकर
‘टर्बो तर आहेच’! भाऊ, पहिल्या निवेदनात टर्बोचे नाव नाही. लग्नपत्रिकेत नवरदेवाचे नाव राहून जावे तसे हे झाले.

आता हिशेब करू. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे ताशी ०.६ पौंड इंधन धरतात. विनाटर्बो इंजिनाला ०.५ पुरते. १३० बीएचपीला ७८ पौंड, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला १९.५. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांवर थांबायचे असते, म्हणून सुमारे २४.४ पौंड. एक पौंड म्हणजे साधारण १०.५ सीसी प्रतिमिनिट, तेव्हा उत्तर २५६ सीसी येते. मात्र हे साध्या पेट्रोलचे झाले. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्याला ७ ते ८ टक्के जास्त इंधन सोडावे लागते, म्हणजे २७५ च्या आसपास. २६० काठावर अपुरे पडतात. ३०० ते ३३० चे मिळाले तर बघा.

लातूरचा_पंपवाला
आमच्याकडे वीस वर्षे डिझेल पंप आणि नोझलचे काम आहे. नोझल आधी टेस्टरवर लावून त्याचा उघडण्याचा दाब आणि फवारा पाहावा, थेंब गळत असेल तर शिम (आतली पातळ चकती) बदलावी. नवे घेण्याची घाई करू नये.

वाळूजकर
काका, सल्ला मोलाचा आहे, पण ही पेट्रोल गाडी आहे. तिच्या इंजेक्टरला शिम नसते, तो ईसीयूच्या विजेने उघडतो. फवारा पाहण्याचा मुद्दा मात्र येथेही लागू आहे. मी मागे चार इंजेक्टर एका रेलवर लावून औषधाच्या चार बाटल्यांत सारखाच वेळ सोडले होते. तीन बाटल्या एका रेषेपर्यंत भरल्या आणि चौथी बोटभर कमी राहिली. सगळा दोष त्या एकाच सिलिंडरचा होता आणि मी महिनाभर मॅप (ईसीयूतला इंधनाचा तक्ता) बदलत बसलो होतो.

परभणीकर
एवढ्या खटाटोपापेक्षा सीएनजी लावून घ्यावा, असे माझे मत आहे.

जालना_२१
वाळूजकरांचे गणित कागदावर ठीक आहे, पण ३०० चे चांगले इंजेक्टर सहजी मिळत नाहीत. स्टँडअलोन ईसीयू असताना ४४० ची भीती कशासाठी?

वाळूजकर
भीती नाही, पण अट आहे. वीज मिळाल्यापासून सुई उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद वाया जातो. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) मोठा इंजेक्टर जेमतेम दोन मिलिसेकंद उघडावा लागत असेल, तर निम्मा वेळ त्यातच गेला. त्यात एसी आणि हेडलाइट लागून व्होल्टेज उतरले, की तो वेळ आणखी वाढतो आणि गाडी सिग्नलला डुगडुगते. व्होल्टेजनुसार या वेळेचा तक्ता ईसीयूत अचूक भरलेला असेल तर ४४० ही चालतात. तुम्ही भरला होता का?

जालना_२१
ट्यूनरने भरला होता. आयडल नऊशेवर ठेवावे लागते, एवढेच.

गोदाकाठ_नांदेड
दोघांचे भांडण चालू राहू द्या, पण मूळ प्रश्नातली एक गोष्ट निसटते आहे. रेग्युलेटर टाकीत असेल आणि त्याला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा जाते त्या भागाची) नळी जोडलेली नसेल, तर रेलमधला दाब ३ बारच राहतो आणि समोरून बूस्ट अर्धा बार उलट ढकलतो. इंजेक्टरला प्रत्यक्षात अडीच बार मिळतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे सुमारे ९ टक्के इंधन येथेच घटले. शिवाय मूळचा पंप ८७ बीएचपीच्या इंजिनासाठी दिलेला आहे. औट्रम_घाट, पूर्ण भारावर दाब किती राहतो, हे कोणी मोजले आहे का? नसेल तर शनिवारच्या आत तेवढे करा. मीटर गाडीच्या आत मात्र आणू नका, वायपरजवळ काचेबाहेर बांधा. नळी फुटली तर पेट्रोल अंगावर येईल.

औट्रम_घाट
आज सकाळी चिकलठाण्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर मोजून पाहिले. मित्र मीटरवर लक्ष ठेवून बसला होता. उभ्या गाडीत ३ बार, तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारापर्यंत ३ बार, आणि पुढे काटा उतरत उतरत २.३ वर आला. पंप आणि फिल्टर दोन्ही मूळचे आहेत. हेही आधी सांगायचे राहिले.

गोदाकाठ_नांदेड
मग बूस्ट वजा जाता इंजेक्टरला १.८ बारच मिळतात, म्हणजे आहे तो इंजेक्टरही जवळजवळ २२ टक्के कमी सोडतो आहे. आधी फिल्टर आणि मोठा पंप, मग बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर, आणि त्यानंतर इंजेक्टर. या पंपावर ४४० लावले असते तरी घाटात टकटक तशीच राहिली असती. तोवर बूस्टवर चालवू नका, पिस्टन जळेल.

औट्रम_घाट
दुकानदाराला शनिवारी पंप सांगतो. इंजेक्टर पुढच्या महिन्यात, ३०० च्या वरचे.

जालना_२१
माझ्याकडे ४४० चा एक जास्तीचा संच पडून आहे. निम्म्या किमतीत देईन.

औट्रम_घाट
त्यांचा रेझिस्टन्स किती आहे, दोन-तीन ओहम की बारा ते सोळा? माझा ईसीयू जास्त ओहमचेच चालवतो. आणि दादा, संच कोणत्या गाडीतून काढलेला आहे, हेही सांगावे.