‘झीन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : गोव्यातल्या डिचोलीची माझी एक मैत्रीण चित्रे काढते, बाहुल्या करते, ध्वनिमुद्रणेही करते, पण तिचा खरा जीव झीनमध्ये अडकलेला आहे. स्वतःच लिहायचे, चितारायचे, कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणायचे, घड्या घालून दोऱ्याने शिवायचे आणि चाळीस-पन्नास प्रती ओळखीपाळखीत वाटायच्या, असा तो उद्योग. तिच्या प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेत मी ‘बहुविद्याशाखीय कलाकाराच्या स्वयंप्रकाशित लघुपत्रिका’ असे लिहिले, ते वाचून ती हसत सुटली. याहून बरे शब्द सुचवावेत. शिवाय ते झीन की ती झीन?

उत्तर : आपल्या मैत्रिणीचे हसणे रास्त आहे. ‘बहुविद्याशाखीय’ हा विद्यापीठाच्या परिपत्रकात शोभणारा शब्द आहे. ‘बहुमाध्यमी’ पुरेसा होईल. ‘स्वयंप्रकाशित’ म्हटले की मराठी वाचकाला सूर्य-तारे आठवतात, वेदान्ताचा अभ्यास असेल तर आत्मा. ‘लघुपत्रिका’ हिंदीत रुळलेला आहे, पण आपल्याकडे पत्रिका लग्नाची किंवा जन्माची.

आता मूळ शब्दाकडे वळू. ‘फॅनझीन’ हा शब्द १९४० मध्ये विज्ञानकथांचे अमेरिकी चाहते रस शॉव्हने यांनी घडवला. चाहत्यांनी आपसात काढलेल्या अंकांसाठी तो होता आणि पुढे त्याचे शेपूट, म्हणजे ‘झीन’, तेवढे उरले. ‘मॅगझीन’चा उगम अरबी ‘मख्झन’मध्ये, म्हणजे कोठारात आहे. बंदुकीच्या गोळ्यांचे मॅगझीन त्याच घराण्यातले, आणि पोर्तुगीजमध्ये गुदामाला म्हणतात तो ‘आर्माझें’देखील. १७३१ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ‘मजकुराचे कोठार’ या अर्थी तो शब्द नियतकालिकाला लावला. याच अरबी धातूपासून आपला ‘खजिना’ आला आहे, त्यामुळे ‘झीन’ आपल्याला वाटतो तितका परका नाही.

मराठीत जवळचे शब्द आहेत, पण प्रत्येक कुठेतरी तोकडा पडतो. शाळा-महाविद्यालयांतले ‘हस्तलिखित’ हाताने सजवलेले असते, मात्र त्याची प्रत एकच आणि ती ग्रंथालयाच्या कपाटात. झिनाचा तर जीवच प्रतींत असतो. ‘अनियतकालिक’ हा शब्द मोलाचा आहे. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल केलेला, ‘शब्द’ काढला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मराठीत अनियतकालिकांची मोठी चळवळ झाली. यंत्र, काटकसर आणि प्रस्थापितांविषयीचा राग पाहता ती झिनाची थोरली भावंडेच होत. तरीही त्यांत अनेकांचे लेखन असे आणि पुढचा अंक निघण्याची निदान आशा असे. झीन बहुधा एका हाताचे असते आणि एकदाच निघूनही पुरे होते. मला स्वतःला ‘चोपडी’ आवडतो. पोथीची पाने सुटी, चोपडीची शिवलेली. मात्र एकाच कागदाला आठ भागांत दुमडून मधोमध एक चीर देऊन केलेल्या झिनाला टाकाच लागत नाही, तिथे चोपडी कशी म्हणणार?

दुसरे मत : गोव्यात हा प्रश्न विचारला जातो आहे, तेव्हा १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आलेल्या, भारतातल्या पहिल्या छापखान्याशी या परंपरेचे नाते जोडता येणार नाही का?

उत्तर : मला ते ओढूनताणून वाटते. तो छापखाना जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचा होता आणि तिथे चर्चच्या परवानगीने छापले जाई. झीन करणारा कोणाचीच परवानगी घेत नाही. एक गोष्ट मात्र उलट बाजूने लागू पडते. छपाईचे देवनागरी खिळे नसल्यामुळे १६१६ मध्ये रायतूरला फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत छापावे लागले. हाताने लिहून झेरॉक्स काढणाऱ्याला खिळ्यांची ती अडचण उरलेलीच नाही.

लिंगाविषयी सांगायचे तर ‘ते मॅगझीन’, म्हणून ‘ते झीन’. अनेकवचन ‘मशिने’प्रमाणे ‘झिने’, जरी ऐकणाऱ्याला आपण जिने मोजतो आहोत असे वाटण्याचा धोका आहे. ‘जीन’ असे लिहू नये. मराठीत ‘ई’ जोडलेला ‘ज’ तालव्य, म्हणजे ‘जीवन’मधल्यासारखा, होतो, आणि झेरॉक्सचा ‘झ’ आपण स्वीकारलेलाच आहे. पत्रिकेत ‘बहुमाध्यमी चित्रकर्तीने स्वतः लिहिलेली, चितारलेली आणि छापलेली झिने’ असे सरळ लिहावे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. आपले वाक्य तसेच घेतले. ‘स्वयंप्रकाशित’ मात्र मैत्रिणीने टाकून दिला नाही; तिच्या नव्या झिनाचे ते नाव आहे आणि मुखपृष्ठावर काजवा आहे.