पगारवाढ ठरवताना देशाचा महागाईदर धरायचा की घरची वही?

वडगावकरीण:
इथं बेळगावात उद्यमबागेत ह्यांच्या कारखान्यात पगारवाढीची बोलणी झाली. मालकांनी देशाचा महागाईदर पुढे केला, महागाई एवढी म्हणून वाढही एवढीच, आणि विषय मिटवला. लग्न झाल्यापासून मी घरखर्चाची वही लिहिते. रविवार पेठेतला किराणा, घरभाडं, दोन पोरांची फी, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या, सगळं त्यात आहे. वही बघितली तर आमचं घर त्या दरापेक्षा बरंच जास्त महागलंय. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये आहे. आम्ही पाचजण, म्हणजे जवळपास ३५ हजार झाले. ह्यांचा पगार त्याच्या आसपासही नाही. माझं स्पष्ट मत आहे, हे आकडे आमच्या पगाराला लावूच नयेत.

अनगोळचे निवृत्त बँकवाले:
ताई, इतकी वर्षं वही ठेवलीत याचं कौतुक आहे, पण मला हे पटत नाही. तुम्ही दोन गोष्टी एकत्र करायलाय. ६,९९६ हा खर्च किती याचा आकडा, आणि महागाईदर म्हणजे भाव किती वेगाने चढले. वेग कमी झाला म्हणून भाव उतरत नाहीत. चोर्ला घाटात गाडी हळू झाली तरी चढतच असते की.

तुमच्या मालकांनी पट्टी चुकीची घेतली एवढंच. कामगारांसाठी भाव मोजणारा वेगळा निर्देशांक आहे, केंद्राच्या लेबर ब्युरोचा, २०१६ चे भाव १०० धरून काढलेला. त्यासाठी देशात ८८ केंद्रं आहेत आणि त्यात आपलं बेळगाव आहे! बेळगावचा आकडा दर महिन्याला वेगळा निघतो. आमचा बँकेचा महागाई भत्ता याच निर्देशांकाच्या देशपातळीवरच्या आकड्यावर ठरत आला. मालकांपुढे बेळगावचा आकडा ठेवा. वही ठेवलीत तर पहिलं उत्तर येईल, तुम्ही खर्चच जास्त करता.

वडगावकरीण:
बेळगावचा वेगळा आकडा निघतो हे मला माहीत नव्हतं, आणि कारखान्यात कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. पण काका, त्यात घरभाडं कसं धरतात? आमच्या घरमालकांनी एकदम वाढवलं.

अनगोळचे निवृत्त बँकवाले:
भाड्याची पाहणी सहा महिन्यांतून एकदा होते. म्हणजे तुमची वाढ आकड्यात उशिरा येते, पण येते.

खानापूर तालुका:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. मालकांनी पुढे केलेला महागाईदर ज्यातून निघतो, तो देशाचा निर्देशांक आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाला कालपरवापर्यंत नीट मोजतच नव्हता. त्याच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या जुन्या मालिकेत ग्रामीण भागासाठी घरभाड्याचा वाटा शून्य होता, आता २०२४ च्या नव्या मालिकेत तो आला.

पण ताई, वहीतही सगळं येत नाही. जून २०२३ पासून कर्नाटकात बायका सरकारी बसने फुकट जातात. माझी बायको आणि बहीण बाजाराला खानापूरहून बेळगावला जाऊन येतात, पैसा लागत नाही. तुमच्या वहीत न काढलेलं तिकीट कुठे लिहिलंय? सरकारी सर्वेक्षणाने निदान प्रयत्न केला. २०२२-२३ ला फुकट मिळालेलं धान्य, सायकल, शाळेचा गणवेश यांची किंमत धरून दुसरी सरासरी काढली. ग्रामीण माणसाचा महिन्याचा खर्च ३,७७३ रुपयांचा ३,८६० झाला. बसप्रवास मात्र त्या यादीत नाही.

वडगावकरीण:
तिकीट लिहिलेलं नाही, खरं आहे. राज्याच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे न आलेलं लाइट बिलही नाही. आजपासून लिहीन. पण ते पगाराच्या बोलणीत आणायला माझा विरोध आहे. सरकारने दिलेली सवलत मालकांनी पगारातून वळती करून घ्यायची, हे कुठल्या हिशोबात बसतं? तो फायदा बाईच्या हातात राहावा म्हणून दिलाय.

निपाणीकर:
सीमेवरच्या घराचं कुणी बोलंना म्हणून लिहितो. आमचं मोठं आजारपण कोल्हापूर नाहीतर मिरजेला, पोरगा कोल्हापुरात खोली घेऊन शिकतोय, पेट्रोल मात्र इकडे स्वस्त म्हणून तिकडची माणसं इकडे येऊन टाकी भरतात. सर्वेक्षणात आमचं घर कर्नाटकात धरलं जाणार, आणि कर्नाटकाच्या शहरी सरासरीत बंगळूर केवढं मोठं! तिथल्या खर्चावरून निपाणीतल्या विडी कामगाराचं घर कसं कळणार?

आणखी एक, हे मनापासून सांगतो. १९५६ ला आमचा मराठी भाग आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून आमच्याकडे कागद घेऊन कुणी दारात आलं की पहिली शंका भाषेची येते, हा आमची मातृभाषा काय लिहिणार? मग माणसं तुटक उत्तरं देऊन पाठवतात. खर्चाच्या सर्वेक्षणाला आलेल्यालाही तेच होतं. उत्तर अर्धं दिलं तर सरासरी पुरी कशी येईल?

अनगोळचे निवृत्त बँकवाले:
म्हणूनच सांगायलोय, दार लावू नका. २०२३-२४ ला देशभरात २,६१,९५३ घरांना विचारलं. आपल्या भागातली किती थोडी घरं त्यात येत असतील बघा. त्यातल्या एकानेही खर्च लपवला तर आपलीच बाजू लंगडी पडते. जनगणना २०२७ ची आहे, तेव्हाही हेच.

वडगावकरीण:
काल रात्री बसून मी खाण्याचा हिशोब वेगळा काढला. पगारातला निम्म्याहून जास्त पैसा खाण्यात जातो. सर्वेक्षणात शहरी घरांचा तो वाटा ३९.६८ टक्के आहे, आणि देशाच्या नव्या निर्देशांकात तर खाण्याचा भारांक, म्हणजे शंभरातला वाटा, आधीच्या ४५.८६ वरून खाली आणलाय. देशाच्या सरासरीला ते बरोबर असेल. पण तूरडाळ चढली की निर्देशांक हलतो त्याहून आमचं घर जास्त हलतं. बेळगावचा आकडा ह्यांना देते, पण किमान वाढ म्हणून, आणि त्याच्यावरचं वहीतून मागणार. काका, कुठला महिना कुठल्या महिन्याशी लावायचा तेवढं सांगा.

अनगोळचे निवृत्त बँकवाले:
मागची पगारवाढ झाली त्या महिन्याचा बेळगावचा आकडा घ्या आणि आताचा घ्या. दोन्हींतला फरक जुन्या आकड्याने भागा, शंभराने गुणा. मात्र किमान म्हणून नको, तीच मागणी म्हणून ठेवा. वही मध्ये आली की प्रत्येकाची वही वेगळी निघते, आणि मालकांना तेच हवं असतं.

वडगावकरीण:
ह्यांच्या खात्यातल्या सहाजणींच्या घरी वह्या आहेत. रविवारी सगळ्याजणी आमच्याकडे बसणार आहोत.